गेल्या पावसाचा माग काढताना

कोयना, नवजा, महाबळेश्वर. जून ते सप्टेंबर सांगली-साताऱ्याचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, ही तीन नावं आणि त्यांच्यापुढे मिलिमीटरचे तीन आकडे असणारच. पाटबंधारे खात्यातली माझी बरीचशी नोकरी या आकड्यांमागे गेली. सकाळी आठचं वाचन, बिनतारी यंत्रावरचा खरखरता आवाज, मग रजिस्टर, धरणाची पातळी, आवक, विसर्ग. निवृत्त झालो तेव्हा रजिस्टरं अर्थातच ऑफिसात राहिली. माझ्याकडे उरल्या त्या खिशातल्या डायऱ्या. रोजचे आकडे मी त्यांत माझ्यापुरते उतरवून ठेवायचो. कशासाठी, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७.५ फुटांवर गेलं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. २००५ चा पूर ५३ च्या वर गेला होता आणि त्यालाच आम्ही आयुष्यातला मोठा पूर समजत होतो. पुढे २०२१ ला पाणी परत ५५ च्या जवळ आलं. तेव्हापासून सांगलीत दोन माणसं चहाला बसली की वाद ठरलेला. कोणी म्हणतो खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं, कोणी म्हणतो धरणं आधी रिकामी केली नाहीत म्हणून, कोणी पात्रातल्या बांधकामांवर घसरतो. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल मी यात तोंड घालत नाही. पण एक गोष्ट मला खटकायची. एवढ्या वादात आभाळाचं नाव कोणी काढत नव्हतं. त्या आठवड्यात घाटमाथ्यावर वारा कुठून येत होता, किती जोरात, किती बाष्प घेऊन? २००५ चा तो आठवडा आणि २०१९ चा हा आठवडा वरून सारखे दिसत होते का? माझ्या डायरीत पाऊस होता. वारा, बाष्प, समुद्र यांतलं काहीच नव्हतं.

माझी भाची पुण्यात डेटाचं काम करते. गणपतीला आली तेव्हा मी हे बोललो. ती म्हणाली, "मामा, गेल्या ऐंशी वर्षांतल्या कुठल्याही दिवसाचं, कुठल्याही तासाचं आभाळ मिळतं. फुकट मिळतं. तुम्हाला फक्त रांगेत उभं राहायची तयारी पाहिजे." रेशनच्या रांगेपासून सगळ्या रांगा पाहिलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती.

ती ज्याबद्दल बोलत होती त्याला पुनर्विश्लेषण म्हणतात, तिच्या भाषेत रीअॅनालिसिस. त्यातला सध्या सगळ्यांत जास्त वापरला जाणारा संच म्हणजे ईआरए-५. युरोपीय देशांचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं एक केंद्र इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे, तिथं तो तयार होतो. १९४० पासून आजच्या पाच-सहा दिवस अलीकडेपर्यंतचा प्रत्येक तास त्यात आहे. पृथ्वीवर सुमारे ३१ किलोमीटरची जाळी टाकलेली आणि जमिनीपासून वर ८० किलोमीटरपर्यंत १३७ थर.

आता १९४० साली अरबी समुद्रावर पाच किलोमीटर उंचीवरचं तापमान मोजायला कोण गेलं होतं? कोणीच नाही. मग हा आकडा येतो कुठून? भाचीनं समजावून सांगायला सुरुवात केली आणि मला हसू आलं, कारण पूर नियंत्रण कक्षात आम्ही तेच करायचो, फक्त नदीपुरतं. कराडला कृष्णा-कोयनेत किती पाणी आहे, त्यावरून सांगलीत किती तासांनी किती फूट चढेल, याचा अंदाज आधीच मांडलेला असायचा. मग आयर्विनच्या पट्टीचं वाचन यायचं. समजा अंदाज ४१ फूट आणि पट्टी ४० फूट ३ इंच. सगळा भरवसा पट्टीवर ठेवावा, तर रात्री पावसात बॅटरीच्या उजेडात वाचणाऱ्याचा दोन-चार इंचांचा फरक होतोच. अंदाजावर ठेवावा, तर मधल्या ओढ्यांचा हिशेब त्यात नसतो. दोन्ही साधारण किती चुकतात हे अनुभवानं माहीत असायचं. त्या मानानं मधली एक पातळी धरायची, तिथून पुढच्या सहा तासांचा अंदाज काढायचा, आणि पुढचं वाचन आलं की पुन्हा दुरुस्ती.

पुनर्विश्लेषणात हेच संपूर्ण वातावरणासाठी होतं. मॉडेल म्हणजे हवेच्या हालचालींची, उष्णतेची, बाष्पाची गणितं. ते पुढच्या बारा तासांचा अंदाज काढतं. त्या बारा तासांत जगभरातून आलेल्या नोंदी त्याच्यासमोर येतात: वेधशाळांचे दाब, जहाजांची निरीक्षणं, विमानांनी वाटेत टिपलेलं तापमान, फुग्याला बांधून वर सोडलेली उपकरणं, उपग्रहांनी पाहिलेलं किरणोत्सर्जन. कोण किती चुकू शकतं ते धरून मॉडेलचा मार्ग सगळ्या नोंदींच्या जास्तीत जास्त जवळून जाईल असा वळवतात. मग पुढचे बारा तास. नोंद नसलेल्या जागीही काहीतरी येतं, कारण आजूबाजूच्या नोंदींचा परिणाम भौतिकशास्त्राच्या नियमांनी तिथपर्यंत पोचतो.

हवामान केंद्रं रोजचा अंदाज वर्तवताना हे करतातच. मग परत का करायचं? कारण केंद्रांची मॉडेल्स दर काही वर्षांनी सुधारतात. १९८५ चं आभाळ त्या वेळच्या मॉडेलनं मांडलेलं आणि २०१५ चं नव्या मॉडेलनं मांडलेलं, यांची तुलना केली तर हवामान बदललं की मॉडेल, ते कळत नाही. म्हणून एकच मॉडेल कायम ठेवून सगळी वर्षं पहिल्यापासून पुन्हा चालवायची. ही कल्पना १९८८ मध्ये लेनार्ट बेंग्टसन आणि जगदीश शुक्ला यांनी एका लेखात मांडली. शुक्ला मूळचे उत्तर प्रदेशातल्या बलियाचे. मॉन्सूनच्या प्रदेशातल्या माणसानं हे सुचवावं याचं मला नवल वाटलं नाही. गेल्या वर्षीच्या पावसाशी यंदाचा ताडून पाहिल्याशिवाय आपल्याकडं कोणी जेवत नाही.

तर प्रत्यक्ष काम. कोपर्निकस या युरोपीय सेवेच्या संकेतस्थळावर खातं काढायचं, परवान्याच्या अटी मान्य करायच्या, मग भलामोठा अर्ज भरायचा. काय पाहिजे: पाऊस, समुद्रसपाटीचा दाब, अमुक उंचीवरचा वारा. कुठलं वर्ष, महिना, दिवस, तास. शेवटी आपल्या प्रदेशाच्या सीमा. खरेदीखतात चतुःसीमा पूर्वेपासून लिहितात, इथं उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असा क्रम आहे. मी उत्तरेला १८.२५, पश्चिमेला ७३.२५, दक्षिणेला १६.७५, पूर्वेला ७५.५ अंश टाकले. जाळी पाव अंशाची, म्हणजे महाबळेश्वरपासून जतपर्यंतचा सगळा मुलूख सत्तर बिंदूंत बसला. अख्खे दोन जिल्हे, सत्तर बिंदू! हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

अर्ज पाठवला की तो रांगेत जातो. मोठा मागितला तर ताटकळत ठेवतात, महिन्या-महिन्यांचे तुकडे करून मागितले तर लवकर सुटतात. हे कुठल्याही ऑफिसात चालतं तसंच आहे, त्यामुळं मला जड गेलं नाही. फाईल आली की ती उघडायला पॅनोप्ली नावाचं नासाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नकाशे त्यात झकास दिसतात. रोजच्या बेरजा-वजाबाक्यांसाठी भाचीनं पायथॉन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहून दिल्या, वर्ष तेवढं बदलायचं असतं.

पहिल्या फाईलमध्ये पावसाच्या जागी ०.००४२ असले आकडे होते. पाऊस मीटरमध्ये असतो. हजारानं गुणा, ४.२ मिलिमीटर. तापमान केल्विनमध्ये, २७३.१५ वजा करा. हे सोपं. वेळेचं प्रकरण मात्र नीट बसवावं लागतं. फाईलमधली वेळ ग्रिनिचची, आपण साडेपाच तास पुढं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, आणि नोंद संपणाऱ्या तारखेला पडते. म्हणजे ६ ऑगस्टच्या नावावरचा पाऊस बहुतेक ५ तारखेला आणि त्या रात्री पडलेला असतो. साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे बरोबर तीन. ईआरए-५ मध्ये प्रत्येक वेळेपुढं त्या वेळेला संपलेल्या एका तासाचा पाऊस असतो, म्हणून आदल्या दिवशीच्या ४ वाजल्यापासून आजच्या ३ पर्यंतचे चोवीस आकडे मिळवले की हवामान खात्याचा दिवस तयार. आमचं वाचन मात्र आठचं, म्हणजे ग्रिनिचचे अडीच. अर्ध्या तासाचा सांधा काही केल्या बसत नाही. मुसळधार पावसात अर्ध्या तासात तीस-चाळीस मिलिमीटर सहज पडतात, त्यामुळं एखाद्या दिवसाचा फरक मी मनावर घेत नाही, तीन-तीन दिवसांच्या बेरजा पाहतो.

एवढं सगळं जमल्यावर डायरी उघडून शेजारी बसलो. चढउतार बघून मी चाट पडलो. कोणत्या दिवशी जोर वाढला, कधी उघडीप आली, पुन्हा कधी झड लागली, बहुतेक ठिकाणी माझी डायरी आणि पडदा एकमेकांच्या हातात हात घालून चाललेले. आकडे मात्र काही जुळेनात. नवजा-महाबळेश्वरचे माझे आकडे डोंगराएवढे, त्याचे टेकडीएवढे. उलट जत-आटपाडीकडं, जिथं ढग नुसतेच तोंड दाखवून जातात, तिथं मॉडेल रोज दोन-तीन मिलिमीटर शिंपडून मोकळं.

कारण त्या सत्तर बिंदूंत आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि खाली वाईला त्याहून कितीतरी कमी. महाबळेश्वर ते पाचगणी वीस किलोमीटरसुद्धा नाही. पाव अंशाच्या जाळीत ही दोन्ही गावं एकाच बिंदूच्या वाट्याला येतात, ७३.७५ पूर्व, १८ उत्तर. वाई जेमतेम शेजारच्या चौकटीत पडते. वेण्णा तलावावरचा पाऊस आणि टेबललँडवरचा पाऊस मॉडेलला एकच. शिवाय मॉडेलमधला सह्याद्री हा आपला सह्याद्री नव्हेच. तीस किलोमीटरची सरासरी काढली की आंबेनळी, पसरणी, कुंभार्ली सगळे घाट बुजून जातात आणि एक लांबट उतार उरतो. असल्या उतारावर ढग एका ठिकाणी आपटून रिकामे होत नाहीत, ते पसरून बरसतात. २०२१ च्या २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर त्याखालची दहा लिटरची बाटली ५०० मिलिमीटरलाच काठोकाठ भरते, मध्येच उठून ओतून मोजावी लागते. त्या दिवसाचा ईआरए-५ चा आकडा त्याच्या मानानं किरकोळच होता.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, ती सगळ्यांत महत्त्वाची. ईआरए-५ मधला पाऊस ही नोंद नाहीच. आपल्या गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे त्या मॉडेलला घातलेलेच नाहीत. दाब, वारा, तापमान, बाष्प यांच्या नोंदींनी वातावरण बसवायचं आणि त्या वातावरणातून मॉडेलला जो पाऊस पाडावासा वाटतो तो छापायचा. मला आधी हे ऐकून राग आला. आम्ही साप-विंचवाच्या रानात जाऊन मोजलेलं पाणी यांना नको? पण मग वाटलं, हे बरंच झालं. माझी डायरी त्यात घातलेली नाही, म्हणून तर माझ्या डायरीनं त्याची परीक्षा घेता येते. घाटावर नवजाचा एकही आकडा न पाहता त्याला झड कधी लागली ते कळलं असेल, तर वरच्या वाऱ्याचं चित्र खरं असलं पाहिजे.

दाबाची परीक्षा मी घरी घेतली. माझ्याकडे एक जुना पितळी अॅनेरॉइड बॅरोमीटर आहे, काटा अजून शाबूत. सांगलीत दाब साडेनऊशे हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. पावसाळा नसताना, वादळवारं काही नसताना तो रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला तळाला, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. काचेवर टिचकी मारली की काटा किंचित सरकतो, दुपारी खाली आणि संध्याकाळनंतर वर. उन्हानं वरचं वातावरण तापतं त्यातून उठणारी ही लाट सगळ्या पृथ्वीभर फिरते, आपल्याकडं विषुववृत्ताजवळ ती जास्त ठळक असते. कर्नल विल्यम साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी याच दख्खनमध्ये बॅरोमीटर घेऊन फिरला आणि हवेतल्या या भरती-ओहोटीवर त्यानं १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. मी ईआरए-५ मधला सांगलीचा दाब तासागणिक काढून माझ्या काट्याशेजारी मांडला. आकड्यात थोडा फरक राहिला, मॉडेलच्या सांगलीची उंची आणि माझ्या माडीची उंची एक नसणारच. पण दोन शिखरं आणि दोन दऱ्या घड्याळाबरहुकूम.

इतकं पटल्यावर मग मी २०१९ च्या ऑगस्टचे नकाशे काढले. ८५० हेक्टोपास्कलची पातळी घेतली, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर, महाबळेश्वरच्या थोडंसं वर. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून निघालेले बाण अरबी समुद्र ओलांडून सरळ सह्याद्रीच्या अंगावर येतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशाच्या किनाऱ्यानं आत शिरलेलं, इकडं आपल्या किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा. पूर्वेचा खड्डा ओढतोय आणि पश्चिमेकडून ढगांची आवक थांबत नाही. दुसऱ्या दिवशीचा नकाशा लावला, तेच. तिसऱ्या दिवशीचा, तेच. २००५ च्या जुलैअखेरीचा काढला, तेव्हाही उपसागरातून मध्य भारतात सरकलेलं क्षेत्र आणि घाटावर थडकणारं वारं. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलैला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला तो हाच आठवडा. या नकाशांवरून सांगलीच्या पुराचा निकाल लागत नाही. पुरात पाऊस आहे, धरण आहे, पात्र आहे, हरिपूरला खाली वारणेचा फुगवटा आहे. पण ज्यांना वाटतं की पुराचं सगळं एखाद्या दरवाज्याच्या चावीवर होतं, त्यांना मी आता हे नकाशे दाखवतो.

मग अर्थातच १९७२. आमच्या पिढीला तो दुष्काळ पुस्तकातून शिकावा लागला नाही. माणदेशातली मोकळी गावं, खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. त्या वर्षी देशाचा मॉन्सून सरासरीच्या २४ टक्के कमी पडला आणि प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा प्रकार, जोरात होता. नकाशात ते दिसतं, पण इथं भाचीनं मला अडवलं. "मामा, नुसता नकाशा नका बघू, फैलाव बघा." ईआरए-५ एकदाच चालवत नाहीत. नोंदींत आणि मॉडेलमध्ये थोडे थोडे फेरफार करून त्याची दहा भावंडंही चालवतात, जाळी जरा जाड ठेवून. दहाही जण एकच सांगत असतील तर भरवसा, दहा दिशांना दहा असतील तर सावध. २०१९ च्या ऑगस्टमध्ये समुद्रावरचा फैलाव नगण्य. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तो चांगलाच रुंद. तेव्हा उपग्रहांच्या कामाच्या नोंदी सुरूही झाल्या नव्हत्या. मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांहून सोडले जाणारे फुगे, वेधशाळांचे दाब आणि येणारी-जाणारी जहाजं, एवढ्यावर सगळा डोलारा. १९७९ साली रोज सरासरी साडेसात लाख नोंदी मॉडेलमध्ये जात होत्या, २०१९ पर्यंत त्या दोन कोटी चाळीस लाखांवर गेल्या. म्हणून १९४० पासून आजपर्यंतचा कोयनेचा पाऊस एका रेषेत काढून "बघा, वाढला" किंवा "बघा, घटला" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, की मधल्या काळात डोळे किती वाढले ते धरलंस का?

फैलावाचा खरा अर्थ मला कळला तो त्याहून मागं गेल्यावर. अमेरिकेत गिल्बर्ट कॉम्पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळंच पुनर्विश्लेषण उभं केलं. नाव विसाव्या शतकाचं, पण तिसरी आवृत्ती सुरू होते १८३६ पासून. त्यात वरच्या हवेची नोंद एकही नाही. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि समुद्रावरचं बर्फ पायाला, आणि त्यावर फक्त हवेचा दाब. फक्त दाब! माझ्या माडीवरच्या काट्यासारखे काटे जगभर ज्यांनी वाचले, त्यांच्या वाचनांवर सगळं आभाळ उभं करायचं, आणि एक नव्हे, ऐंशी वेळा. दाबाच्या फरकावर वारा ठरतो, वाऱ्यावर बाष्प कुठं जाईल ते ठरतं, म्हणून हे जमतं.

मी १८७६ आणि १८७७ उघडलं. दख्खनचा तो मोठा दुष्काळ. सातारा जिल्ह्यानं तो भोगला, १८७६ चा पाऊस फसला आणि १८७७ चा मॉन्सूनही देशभर रडला. ऐंशी जणांची सरासरी पाहिली तर अरबी समुद्रावरचं वारं मंद आणि प्रशांत महासागरात मोठा एल निनो. एवढं ऐंशीही जण सांगतात. पण माण-खटाववर अमुक तारखेला काय झालं हे विचारलं तर ऐंशी जणांची ऐंशी उत्तरं. मला हे आवडलं. आपल्याकडं पंचांगवाल्यापासून वाहिनीवरच्या तज्ज्ञापर्यंत कोणी "यापलीकडं मला सांगता येत नाही" असं आकड्यात लिहून देत नाही. इथं ते प्रत्येक चौकटीपुढं लिहिलेलं आहे.

हा फैलाव कमी करायचा एकच मार्ग, जुन्या नोंदी शोधून त्यात घालणं. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या ८९१ नोंदवह्यांतून, १७८९ ते १८३४ मधल्या, २ लाख ७३ हजार नोंदी अशाच उतरवल्या गेल्या. इंग्लंडात २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या सोळा हजार स्वयंसेवकांनी जुन्या पावसाच्या पत्रकांवरचे पन्नास लाखांवर आकडे टाइप केले. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर जुन्या जहाजांची पानं उतरवायला मीही बसतो. पानावर बोरूनं काढलेले रकाने, बॅरोमीटर इंचांत, २९.८४ किंवा २९.८९, चार की नऊ ते शाई फुटल्यामुळं कळत नाही. मग वरच्या ओळीतला नऊ त्या माणसानं कसा काढलाय ते बघायचं. त्याचा नऊ डावीकडं लवतो, म्हणून हा चार. रजिस्टरं वाचण्यात आयुष्य गेलेल्याला यात काही विशेष नाही. एकच पान अनेक जण उतरवतात आणि जुळलेलं तेवढं घेतात, ही रीत मला पसंत आहे.

भारतापुरतं पाहायचं तर नोएडाचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं राष्ट्रीय केंद्र, ब्रिटनचं हवामान खातं आणि आपलं हवामान खातं यांनी मिळून केलेलं आयएमडीएए हे पुनर्विश्लेषण आहे, १९७९ पासूनचं, १२ किलोमीटर जाळीचं. घाट त्यात जरा घाटासारखा दिसतो. ईआरए-५ चीच जमिनीपुरती ९ किलोमीटरची आवृत्तीही मिळते, पण पावसासाठी ती बघून उड्या मारू नका. पाऊस तोच जुना, ३१ किलोमीटरचा, फक्त बारीक जाळीवर ताणून बसवलेला. आणि पाऊस किती पडला एवढाच प्रश्न असेल तर सरळ पुण्याला हवामान खात्याकडचा पर्जन्यमापकांवरून बांधलेला संच घ्यावा, तो १९०१ पासून आहे.

मी हे करतो हे कळल्यापासून लोक येतात. तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार आला. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात एका रात्री त्याच्या प्लॉटवर गारांसकट पाऊस झाला होता, आणि विम्यासाठी धरलेलं केंद्र होतं लांब, तिथं थेंब नव्हता. "काका, तुमच्या त्या उपग्रहाच्या यंत्रातून एक कागद काढून द्या, माझ्या गट नंबरवर पाऊस झाला म्हणून." मी त्याला चौकट दाखवली. पाव अंश, सत्तावीस किलोमीटर, त्यात त्याचं गाव, शेजारची पंचवीस गावं आणि अर्धा अग्रणी नदीचा पट्टा. अशा ढगफुटक्या वळवाच्या पावसात चार किलोमीटरवरचं खरं नसतं.

"मग एवढं सगळं करून माझ्या बागेचं काय ते नाहीच म्हणा की!"

पावसाचं नाहीच, म्हटलं. पण त्या रात्रीपासून पुढच्या तीन दिवसांचं तासागणिक तापमान आणि दवबिंदू मी त्याला काढून दिले, कारण त्या दोन गोष्टी मॉडेल पावसापेक्षा बरंच नीट सांगतं. दोन्ही रेघा पहाटे एकमेकींना टेकलेल्या होत्या, सकाळी नऊपर्यंत. म्हणजे पानं तोवर ओली. त्यानं ते पाहिलं, डाऊनी हा बुरशीचा रोग नेमका कोणत्या दिवशी शिरला असेल याचा मनाशी हिशेब केला आणि फवारणीच्या वहीशी ताडून बघायला कागद घेऊन गेला. विम्याचं त्याचं भांडण अजून चालू आहे.